मोटारीच्या नाकावरील रहाट

"काका, गाडीला विंच बसविली," असें आमच्या पुतण्यानें २०१९ सालीं एका रविवारीं घरीं येऊन सांगितलें, तेव्हां खिडकीशीं जप करीत बसलेल्या आमच्या मातोश्रींनीं माळ थांबवून विचारलें, "विंचू? गाडींत विंचू कोठून शिरला रे?" घरांत हंशा पिकला. "विंचू नव्हे, आजी, विंच! गाडी चिखलांत रुतली कीं ही तिला ओढून बाहेर काढते." त्यावर मातोश्री म्हणाल्या, "मग रुतेल अशा ठिकाणीं नेतोसच कशाला?" या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर अद्यापहि नाहीं. परंतु पुण्या-नाशकाकडील पुष्कळ घरांत हल्लीं चारी चाकांनीं चालणारीं वाहनें आलीं आहेत, व सुटी मिळतांच डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या वाटेला लागण्याचा छंद तरुण मंडळींत वाढत आहे. गोव्यांत तर २०१४ पासून भर पावसाळ्यांत चिखलांतून गाड्या नेण्याच्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' या स्पर्धा भरूं लागल्या. ही स्पर्धा मूळची मलेशियांतली. छंद बरा कीं वाईट हा वाद आजी-नातवांवर सोंपवून, ज्या यंत्राच्या भरंवशावर ही मंडळी घाटांत उतरतात त्या यंत्राची निगा कशी राखावी, व ती न राखल्यास काय होऊं शकतें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. त्यांतील कांहीं भाग आम्हीं प्रत्यक्ष भोगलेला आहे.

विंच म्हणजे मोटारीच्या पुढच्या बंपरवर बसविलेला एक आडवा रहाट. आडावरचा रहाट माणसाच्या हातानें फिरे, मोटेचा नाडा बैल ओढीत. येथें गाडीच्या बॅटरीवर चालणारी एक आटोपशीर विजेची मोटर पोलादी ड्रम फिरविते व त्यावर पंचवीस-तीस मीटर दोर गुंडाळला जातो. दोराचें टोंक समोरच्या झाडास अडकवावें व बटण दाबावें. झाड हलत नाहीं, म्हणून गाडीला हलावें लागतें. मोटर व ड्रम यांच्यामध्यें दात्यांच्या चाकांची एक मालिका असते. सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशी तिची रचना असल्यामुळें यंत्रज्ञ तिला ग्रहांचेंच नांव देतात. मोटरचे दीडशें-दोनशें फेरे व्हावे, कांहीं विंचांत त्याहूनहि अधिक, तेव्हां ड्रमचा एक फेरा पुरा होतो. वेग असा देऊन टाकल्यावर त्याच्या बदल्यांत बळ मिळतें.

कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या जी. एम. सी. आणि डॉज ट्रकांपैकीं कित्येकांच्या पुढें विंच असे, व तिला इंजिनाचेंच बळ दांड्यानें पोंचविलेलें असे. त्या विंचांत एक लहानशी नरम खीळ मुद्दाम कच्ची ठेवलेली असे. ओढ मर्यादेपलीकडे गेली कीं ती खीळ आधीं तुटे, आणि दोर, दाते व माणसें वांचत. जीपचा पहिला नमुना १९४० च्या सप्टेंबरांत तयार झाला व युद्ध संपेतों सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनल्या. युद्धानंतर त्या शेतकऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या व हौशी लोकांच्या हातीं आल्या, आणि मग बॅटरीवर चालणाऱ्या विंचेचा प्रसार झाला. ही विंच स्वस्त, सुटसुटीत व इंजिनापासून स्वतंत्र. मात्र ती कच्ची खीळ तिच्यांत सहसा नसते. या वाक्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. त्याचा अर्थ आम्हांस फार उशिरां कळला.

२०२२ च्या श्रावणांत एका शनिवारीं आम्ही भोरहून वरंध घाटाकडे निघालों होतों. गाडींत पुतण्या, सूनबाई, त्यांची सहा वर्षांची मुलगी व प्रस्तुत लेखक. मोठा रस्ता सोडून एका वाडीची वाट धरली. वाट कसली, तांबड्या चिखलाचा ओघळच तो! सायंकाळीं पांचच्या सुमारास एका वळणावर गाडीचीं मागचीं चाकें सरकलीं, व उजवी बाजू चरांत बसली. खालीं ओढा दुथडी वाहत होता. पुतण्यानें इंजिन बंद केलें नाहीं, चेहऱ्यावर काळजी दिसूं दिली नाहीं. उलट त्याला थोडा आनंदच झाला असावा, कारण तीन वर्षांत विंच वापरण्याचा खरा प्रसंग त्याच्यावर आलाच नव्हता. त्यानें पंधरा-एक मीटरांवरील एका ऐनाच्या झाडास रुंद पट्टा बांधला, पोलादी दोराचा आंकडा त्यांत अडकविला, आणि बटण दाबलें.

मोटर घरघरली. दोर चिखलांतून उचलला गेला, ताणला गेला, तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ झाला. गाडी कण्हली, वीतभर हलली असेल नसेल, आणि मोटर थांबली. पुन्हां बटण दाबावें तर नुसता 'टक्' असा आवाज. दहा वेळां दाबलें, दहा वेळां टक्. या सर्व वेळांत नातीचा हात धरून मी त्या ताणलेल्या दोरापासून दोन हातांवर उभा होतों. "आजोबा, ही तार वाजवून पाहूं?" असें म्हणून तिनें हात पुढें केला, तेव्हां मीं तिला मागें ओढलें तें फ्रॉक चिखलानें भरेल म्हणून, दुसरें कोणतेंहि भय माझ्या मनांत नव्हतें. अंधार पडला. पुतण्यानें ड्रमचा क्लच मोकळा करून दोर सैल करण्याचा यत्न केला. क्लचचा दांडा जागचा हलेना. अखेर वाडींतील एका शेतकरी कुटुंबानें आम्हांस ओसरीवर जागा दिली, गरम भाकरी व पिठलें वाढलें, व दुसरे दिवशीं सकाळीं ट्रॅक्टरनें गाडी बाहेर काढली. दोर सैल होईपर्यंत तो शेतकरी आपल्या मुलांना त्याच्या आसपास फिरकूं देत नव्हता. "दोर हाय त्यो, काय सांगावं," एवढेंच तो म्हणाला. मोटेचे दिवस त्यानें पाहिलेले असावेत.

पुण्यास परत आल्यावर विंच उतरवून एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. यंत्र उघडतांना त्यांच्या शेजारीं बसण्याची त्यांनीं परवानगी दिली, व त्या दोन तासांत जें शिकलों तेंच या लेखाचें भांडवल होय.

प्रथम त्यांनीं विजेचा भाग पाहिला. आपण हातांत धरून दाबतों त्या बटणांतून मोटरची वीज जात नाहीं. तें बटण फक्त सोलेनॉइड नांवाच्या एका जाड खटक्याला हुकूम करतें, व तो खटका मिटला म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पोंचते. आम्ही ऐकला तो 'टक्' या खटक्याचा. हुकूम पोंचला होता, खटका मिटलाहि होता, पण पुढें वीज जात नव्हती, कारण जोडाच्या टर्मिनलांवर हिरवट-पांढरा थर चढलेला होता. एवढ्याशा थरानें काय होणार, अशी शंका मीं काढली. मिस्त्रींनीं खडूनें फरशीवर गणित मांडलें. गाडीच्या समोरच्या हॅलोजन दिव्यांची जोडी नऊ-दहा अँपिअर वीज घेते. विंच पुऱ्या ओढीला चारशें अँपिअरांच्या पुढें जाते. आतां एखाद्या गंजलेल्या जोडानें एका ओहमचा शंभरावा हिस्सा जरी अडथळा केला, तरी चारशें अँपिअरांच्या हिशेबानें बारा व्होल्टांपैकीं चार तेथेंच खर्च झाले. शिवाय सोळाशें वॅट उष्णता त्या एवढ्याशा नटावर निर्माण होणार. पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीइतकी! म्हणजे मोटर अशक्त होते, जोड तापतो, तापल्यानें आणखी काळवंडतो, आणि एक दिवस नुसता 'टक्' उरतो.

यावर उपाय अगदीं घरगुती आहे. वर्षांतून दोन वेळां बॅटरीची तार सोडवून सर्व टर्मिनलें खरकागदानें चकचकीत करावीं, नट घट्ट करावे (मात्र पिळून पीळ घालवूं नये), व वरून ओल न धरणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. बटणाची तार ज्या खांचेंत खोंचतात तिचें रबरी झांकण हरवूं देऊं नये. आमचें झांकण पहिल्याच वर्षीं हरवलें होतें व त्या जागीं प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती, हें येथें कबूल करतों. बॅटरीपासून येणारी जाड तार बंपरच्या धारेवर कोठें घासते काय, हेंहि बोट फिरवून पाहावें. बहुतेक विंचांच्या या मुख्य तारेंत फ्यूज नसतो. वरचें रबर घासून तार लोखंडाला टेंकली तर बॅटरीची सारी वीज तेथेंच उसळते, व गाडी पेटावयास तेवढें पुरें. म्हणून काम नसेल तेव्हां वीज तोडून ठेवणारा हातखटका बसवून घ्यावा.

मग दात्यांची पेटी उघडली. आंतील ग्रीस ताकासारखें पांढुरकें झालें होतें. गाडी ओढ्यांतून नेतांना विंच, ती नाकावर असल्यामुळें, सर्वांच्या आधीं पाण्यांत बुडते. आणि गरम पेटी थंड पाण्यांत गेली म्हणजे आंतली हवा आकसून ती बारीक फटींतून पाणी ओढून घेते. तें पाणी ग्रीसमध्यें मिसळून बसतें व पुढील उन्हाळाभर आपलें काम शांतपणें करीत राहतें. क्लचचा दांडा याच पाण्यानें गंजून धरला होता. विंच बनविणारे खालच्या अंगास पाणी निथळण्यासाठीं भोंकें ठेवतात, तीं चिखलानें बुजलेलीं आढळलीं. मिस्त्रींनीं सर्व चाकें घासलेटानें धुतलीं, पुसलीं, नवें ग्रीस भरलें. परंतु ब्रेकचा भाग मात्र वेगळ्या फडक्यावर ठेवून तेथें ग्रीसचें बोटहि लागूं दिलें नाहीं. मोटर थांबली कीं ओझें जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम या ब्रेकचें, आणि तें घर्षणानें होतें. पुष्कळ हौशी लोक प्रेमानें सर्वत्र ग्रीस फांसतात, आणि मग चढावर टांगलेली गाडी हळुहळू मागें सरकूं लागते! विंचेबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत जेथें वंगण सांगितलें असेल तेथेंच तें घालावें. ती पुस्तिका फेंकून देण्याची आपल्याकडे चाल आहे, तेवढी मोडावी.

अशा रीतीनें पाऊण तासांत मोटर, खटका व दाते यांचें निदान झालें. पुतण्याचा चेहरा खुलला. मोटर बांकावर लावून पाहिली, ती सुरेख फिरली. "झालें तर मग, उद्यां बसवूं," असें तो म्हणाला. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं चामड्याचे हातमोजे चढविले, एक जुनें धोतराचें फडकें घेतलें, व ड्रमवरील दोर उलगडीत तो त्या फडक्यांतून ओढूं लागले. पहिले दहा-बारा मीटर फडकें सरळ गेलें. मग अडकलें. तुटलेल्या तारांचीं टोंकें सुयांसारखीं त्यांतून बाहेर आलीं होतीं.

पोलादी दोराची रचना सांगितली पाहिजे. विंचेवर सामान्यतः जो दोर असतो त्यांत सात पेड असतात व प्रत्येक पेडांत एकोणीस तारा; म्हणजे १३३ तारांनीं मिळून हें ओझें वाहावयाचें. मिस्त्रींनीं त्या जागीं पेड उकलून तारा मोजल्या. चाळीसहून अधिक तुटलेल्या होत्या, उरलेल्यांपैकीं पुष्कळ गंजून खडबडीत झाल्या होत्या, आणि त्याच जागीं दोर चपटा होऊन त्याला एक मुरड पडलेली होती. आंकड्यापासून मोजलें तर ती जागा सुमारें पंधरा मीटरांवर येत होती. म्हणजे त्या संध्याकाळीं जो दोर ऐनापर्यंत ताणला होता, त्याच्या ड्रमकडील तोंडाशीं नेमका हाच भाग होता!

मिस्त्री म्हणाले, "साहेब, मोटर बंद पडली हें बरंच झालं."

आम्ही दोघेहि कांहीं वेळ गप्प होतों. टर्मिनलांवरील तो हिरवा थर नसता, मोटरनें आणखी अर्धा मिनिट जोर केला असता, तर जें तुटावयाचें तें दोन हातांवर उभ्या असलेल्या आमच्या समोर तुटलें असतें. ताणलेला पोलादी दोर तुटतो तेव्हां नुसता गळून पडत नाहीं. त्यांत सांठविलेली ओढ एका क्षणांत मोकळी होऊन तो चाबकासारखा उलटतो, व त्याच्या वाटेंत हाड आलें काय, कांच आली काय, त्याला सारखेंच. त्या जुन्या लष्करी विंचेंतली कच्ची खीळ कशासाठीं होती, तें मला त्या दिवशीं समजलें. आमच्या विंचेंत ती खीळ नव्हती. गंजानें तिचें काम केलें होतें.

दोराचें असें कां व्हावें? तो तीन वर्षांत एकदांहि ओझ्याखालीं वापरलेला नव्हता! मिस्त्रींचें उत्तर असें कीं, म्हणूनच. विंच बसविली तेव्हां दोर नुसता मोटरनें सैलसर गुंडाळून घेतलेला होता. पुढें एकदोनदां मित्रांना दाखविण्यासाठीं थोडा सोडून तसाच सैल भरला. सैल थरांवर जोराची ओढ पडली कीं वरचा फेरा खालच्या फेऱ्यांच्या फटींत पाचरीप्रमाणें घुसतो, चेपतो, मुरडतो. एकदां मुरड पडली कीं ती हातोडीनें सरळ करून उपयोग नाहीं. तारा आंतून मोडलेल्याच असतात. बाकीचें काम तीन पावसाळ्यांनीं केलें, कारण ड्रमच्या तळच्या थरांना ऊन-वारा कधीं लागतच नाहीं.

म्हणून नवा दोर घातला कीं पहिलें काम म्हणजे तो ताणून भरणें. मोकळ्या जागीं, हलक्या चढावर गाडी उभी करावी, दोर सोडून आंकडा पक्क्या खुंटास किंवा झाडास लावावा, आणि चालकानें ब्रेक किंचित् धरून ठेवावा. मग विंचेनें गाडीच ओढीत न्यावी. चार-पांचशें किलोंची ओढ राहिली तरी पुरे. असा भरलेला दोर सुताच्या रिळासारखा एकाशीं एक लागून बसतो. सर्व दोर मात्र कधींहि सोडूं नये; पोलादी असेल तर निदान पांच फेरे, व कृत्रिम धाग्याचा असेल तर आठ ते दहा फेरे ड्रमवर शिल्लक ठेवावे. दोराचें आंतलें टोंक ड्रमला ज्या लहानशा स्क्रूनें अडकविलेलें असतें तो ओझें पेलण्यासाठीं नसतो. ओझें पेलतें तें या शिल्लक फेऱ्यांच्या घर्षणानें. नावाडी धक्क्यावरच्या खुंट्याला दोराचे चार वेढे देऊन एका हातानें मोठी नाव धरून ठेवतो, त्यांतलाच हा प्रकार. दोर ड्रमच्या कोणत्या अंगानें भरावयाचा हेंहि ठरलेलें असतें. उलट अंगानें भरला तर विंच ओढते, पण ब्रेक ओझें धरीत नाहीं.

येथेंच आणखी एक भ्रम दूर करणें जरूर आहे. विंचेवर ९,५०० पौंड, म्हणजे सुमारें ४,३०० किलो, असें लिहिलेलें असतें. ती शक्ति ड्रमवर दोराचा एकच थर उरला असतांनाची. जसजसे थर वाढतात तसतसा ड्रम जाड होतो व ओढ कमी होते. चौथ्या-पांचव्या थरावर ती सुमारें दोन-तृतीयांश उरते. झाड जवळ असलें म्हणजे काम सोपें असें आपणांस वाटतें. विंचेच्या दृष्टीनें तें अवघड असतें. अशा वेळीं झाडाला कप्पी लावून दोर परत गाडीकडे आणावा. त्यानें दोर अधिक सुटतो, वरचे थर उतरतात, शिवाय ओढ जवळजवळ दुप्पट होते. वेग निम्मा होतो, पण तेथें घाई कोणाला आहे? विंच घेतांना ती भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट शक्तीची असावी, असा सर्वमान्य नियम आहे. चिखल नुसतें वजन वाढवीत नाहीं, तो चाकांना धरूनहि ठेवतो. ओढतांना इंजिन चालूच ठेवावें, व मिनिटभर ओढून कांहीं मिनिटें थांबावें. कारण मोटरला लागणारी वीज गाडीचा अल्टरनेटर पुरी करूं शकत नाहीं, ती बॅटरींतून जाते, आणि मोटरहि भराभर तापते.

पोलादी दोर फेंकून देऊन आम्हीं कृत्रिम धाग्याचा घेतला. हा दोर बारा पेडांची वेणी घातल्यासारखा असतो. डायनीमा हें त्यांतील एक प्रसिद्ध नांव, व तें हॉलंडांतलें. तेवढ्याच जाडीच्या पोलादी दोराहून हा बळकट, वजनाला मात्र त्याचा सुमारें सातवा हिस्सा. पाण्यावर तरंगतो, हातांत सुया घुसवीत नाहीं, आणि तुटलाच तर त्यांत सांठविलेली ओढ कमी असल्यामुळें पोलादाइतका उसळत नाहीं. उसळत नाहींच असें नव्हे. टोंकाचा आंकडा भिरकावला जाऊं शकतोच. मुलें-माणसें घेऊन फिरणाऱ्यानें हाच घ्यावा, असें माझें मत झालें आहे. खडकाळ भागांत नित्य काम असणाऱ्यांचें मत वेगळें असूं शकेल. कारण या दोराचे शत्रु निराळे आहेत. ऊन त्याला जीर्ण करतें. चिखलांतील बारीक वाळू वेणीच्या आंत शिरून धागे कातरते. उष्णता तर त्याचा काळच. सुमारें १४५ अंश सेल्सियसला तो वितळतो, व त्याच्या कितीतरी आधीं त्याची ताकद उतरूं लागते. बहुतेक विंचांचा ब्रेक ड्रमच्या पोटांत असतो. ओझें लावलेल्या स्थितींत मोटरनें दोर सोडीत राहिलें कीं तो घांसून ड्रम तापवितो, व दोराचे तळचे फेरे भाजतात. म्हणून गाडी उतारावर खालीं सोडण्याचें काम विंचेकडून थोडथोडेंच, थांबून थांबून घ्यावें.

प्रत्येक चिखलाच्या सफरीनंतर हा दोर पूर्ण उलगडून बादलीभर स्वच्छ पाण्यांत, लागलाच तर सौम्य साबणानें धुवावा व सावलींत वाळवावा. पैठणीला जितकें जपतों तितकें जपलें तर अति होणार नाहीं. धुतांना तो बोटांतून सावकाश फिरवावा. वर थोडी लव आली असली तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु एखादी जागा काचेसारखी गुळगुळीत व कडक लागली तर ती भाजलेली आहे असें समजावें, आणि तेवढा भाग कापून जाणत्याकडून पुन्हां वेणी घालून घ्यावी. दोर ज्या चौकटींतून बाहेर येतो ती पोलादी रोलरांची जुनी चौकट असेल, तर तिच्यावर तारांनीं पाडलेले ओरखडे नव्या दोराला करवतीसारखे कापतात. ती बदलून गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमची बसवावी. आम्हांला ती आणखी थोड्या खर्चांत पडली, व पुतण्यानें कुरकुर न करतां तो केला.

हातांविषयीं एकच सांगतों. पोलादी दोराला चामडी मोज्यांशिवाय स्पर्श करूं नये, व दोर कोणताहि असो, भरतांना चौकटीपासून हात दूर ठेवावा. शेवटचा मीटर-दीड मीटर राहिला कीं बटण थोडें थोडें टिचकी मारल्यासारखें दाबावें, व आंकडा त्याला बांधलेल्या पट्ट्यानें धरावा. बोटें अडकलीं तर यंत्राला तें कळत नाहीं. ओढ चालू असतां दोराच्या मध्यावर जाड घोंगडी किंवा भिजलें पोतें टाकावें, म्हणजे तुटल्यास त्याची उसळी दबते. आणि माणसांनीं निदान दोराच्या लांबीइतकें बाजूला उभें राहावें. दोर ओलांडूं नये. झाडाला नुसता दोर गुंडाळून त्याचा आंकडा त्याच दोरांत अडकवूं नये. दोर तेथें मुरडतो व झाडाची साल सोलली जाते. ज्या ऐनानें आपल्याला वांचवावें त्याची सालच काढावयाची, हा व्यवहार बरा नव्हे. रुंद पट्टा वापरावा.

आतां पुतण्याच्या घरीं असा क्रम ठरला आहे. महिन्यांतून एकदां क्लच मोकळा करून दोर हातानें ओढून पाहावयाचा, व मोटर दोन्ही दिशांनीं थोडी चालवावयाची. ती जराशी तापली म्हणजे आंतली ओल सुकते. पाण्यांतून गाडी नेली तर त्याच आठवड्यांत निथळण्याचीं भोंकें काडीनें साफ करावयाचीं. आणि पाऊस संपल्यावर एकदां सर्व उलगडून, धुऊन, टर्मिनलें घासून, दोर पुन्हां ताणून भरावयाचा. त्यासाठीं दिवस शोधावा लागला नाहीं. नवरात्रांत खंडेनवमीला आपण घरांतलीं शस्त्रें, हत्यारें, विळ्या-कोयते घासून-पुसून पुजतों, तो सण पावसाच्या अखेरीसच येतो. पूर्वीं आमच्याकडे त्या दिवशीं गाडी वरून धुऊन विंचेच्या आंकड्याला झेंडूची माळ अडकवीत असत; आंत काय चाललें आहे तें देवाला ठाऊक होतें, आम्हांला नव्हतें.

गेल्या खंडेनवमीला सूनबाई हळदकुंकवाचें तबक घेऊन खालीं आल्या. पुतण्या गाडीजवळ माळ हातांत घेऊन उभा होता. नात, आतां ती पुष्कळ उंच झाली आहे, पुढें होऊन म्हणाली, "बाबा, आधीं दोर काढून दाखवा." त्यानें माळ गाडीच्या टपावर ठेवली व क्लचचा दांडा फिरविला, तो एका बोटानें फिरला. मग आम्ही चौघांनीं मिळून तो दोर आवारांत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पसरला, आणि नातीनें तो पहिल्या मीटरापासून बोटांतून फिरवीत पाहावयास सुरुवात केली. पूजेला तासभर उशीर झाला.